कुत्र्यातला हार्टवर्म: लक्षणं कशी ओळखायची

हार्टवर्म हा पोटातला जंत नाही. म्हणून तो शी तपासून सापडत नाही आणि दर तीन महिन्यांच्या जंताच्या गोळीने जातही नाही. डास चावताना या जंताच्या अळ्या कातडीवर सोडतो. चावल्याच्या जखमेतून त्या आत शिरतात आणि ६-७ महिन्यांत वाढून फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत, पुढे हृदयाच्या उजव्या बाजूला ठाण मांडतात. मादी २५ ते ३० सेंटीमीटर लांब होते, ५ ते ७ वर्षं जगते. ऑगस्टमध्ये चावलेल्या डासाचा हिशोब फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतो, आणि तेव्हाही कुत्रा वरून ठणठणीत दिसू शकतो.

घरच्या घरी करण्यासारखी सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे झोपेतला श्वास मोजणं. छाती वर गेली आणि खाली आली की एक श्वास. ३० सेकंद मोजा, दुप्पट करा. मिनिटाला ३० च्या आत असेल तर ठीक. नागपुरात मे महिन्यात दुपारी मोजू नका, उन्हाने प्रत्येकच कुत्रा धापा टाकतो. पहाटे, गाढ झोपेत मोजा. पाय झटकत स्वप्न पाहत असेल तर थांबा. आकडा तारखेसकट लिहून ठेवा. सलग दोन-तीन दिवस ३० च्या वर गेला तर डॉक्टरांकडे न्या, आणि ती नोंद सोबत न्या.

खोकला कोरडा, बारीक आणि चिवट असतो. धावल्यावर किंवा झोपेतून उठल्यावर येतो आणि आठवडे सरले तरी हटत नाही. केनेल कफमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्यात, ठसका मोठा असतो, शेवटी उलटीसारखं होतं, आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांत आटोपतं. म्हाताऱ्या पॉमेरेनियनमध्ये श्वासनलिका ढिली पडल्याने किंवा हृदयाची झडप बिघडल्यानेही खोकला येतो, त्यामुळे नुसत्या खोकल्यावरून आजार ठरवायचा नाही. फुटाळा तलावाला रोजचा फेरा मारणारा कुत्रा अर्ध्यात बसायला लागला, तर मात्र दोन्ही गोष्टी जोडून बघा. दम किती आहे हे बघायला त्याला पळवू नका. श्रम पडले की आजार बळावतो.

पुढच्या टप्प्यात फासळ्या दिसतात आणि पोट मात्र फुगतं. एका बाजूने हलकी टिचकी मारली की दुसऱ्या बाजूच्या हाताला पाण्याची लाट लागते. चक्कर येऊन पडणंही यातलंच. एकाएकी गळून गेला, हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी काळ्या चहासारखी झाली, तर जंतांच्या गुंत्याने हृदयाकडे येणारं रक्त अडलेलं असू शकतं. तेव्हा मानेच्या शिरेतून जंत ओढून काढावे लागतात, आणि उशीर म्हणजे मृत्यू. गोचीड तापातही, बाबेसिया (गोचीडातून येणारा रक्तातला परजीवी) असेल तर, लघवी अशीच गडद होते, बहुधा सोबत ताप असतो. फरक घरी ठरवत बसू नका, त्याच दिवशी रक्त तपासा.

तपासणी कोणती, हे डॉक्टरांना विचारून घ्या. अँटिजेन किट मोठ्या मादीचा अंश शोधतं, म्हणून लागण ६ महिन्यांच्या आतली असेल किंवा नुसते नर असतील तर निगेटिव्ह येतं. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तात वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तरी तो हार्टवर्मच, असं नाही. आपल्या देशात कातडीखाली राहणारा डायरोफिलारिया रेपेन्सही रक्तात तशाच अळ्या सोडतो. त्यासाठी नॉट पद्धत: १ मिली रक्तात ९ मिली २ टक्के फॉर्मेलिन, मग सेंट्रिफ्यूज आणि निळा रंग. दोन्ही चाचण्या मागा, सोबत छातीचा एक्स-रे. नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात विचारता येईल.

प्रतिबंधाचं औषध दर महिन्याला द्यायचं, पण आधी तपासणी. रक्तात अळ्या असताना दिलं तर त्या एकदम मरून कुत्रा शॉकमध्ये जाऊ शकतो. गायी-बैलांचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन स्वस्त म्हणून कुत्र्याला देऊ नका. प्रतिबंधासाठी किलोमागे ६ मायक्रोग्रॅम लागतं. १० किलोच्या कुत्र्याला ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ टक्का बाटलीतले ०.००६ मिली. इतकं थोडं कुठल्याही सिरिंजने मोजता येत नाही, आणि कोली या जातीचं रक्त असलेल्या कुत्र्याला जास्तीचा डोस मेंदूवर जातो. कुत्र्यासाठीचीच, वजनाप्रमाणे मिळणारी गोळी डॉक्टरांकडून घ्या. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसा, काठ घासून कोरडी करा. काही डासांची अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत.