सोलापूरहून कादिझला जाताना

कादिझ हे स्पेनमधलं समुद्रकाठचं शहर. आधी व्हिसा. शेंगेन व्हिसाचा (स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, किमान 15 दिवस आधी तरी द्यावाच लागतो. वैद्यकीय विमा 30,000 युरोंचा हवा. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जायचं तर सिद्धेश्वर एक्सप्रेस सोयीची, सकाळी पोहोचवते.

सामानात शेंगा चटणी आणि कडक भाकरी जरूर घ्या. खवा, पेढे, तूप मात्र घरीच ठेवा. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, कस्टमवाले काढून घेतात.

सेव्हिल शहरातून कादिझला रेल्वेने साधारण पावणेदोन तास. जुनं शहर स्टेशनला लागूनच आहे, टॅक्सी नकोच. पहिल्यांदा तोर्रे ताविरा या जुन्या मनोऱ्यावर चढा. 1717 मध्ये अमेरिकेच्या व्यापाराचा कारभार सेव्हिलहून इथं आला. जहाजं दुरून दिसावीत म्हणून व्यापाऱ्यांनी घरांवर मनोरे बांधले, ते इथून गच्च्यांमधून डोकावताना दिसतात. मनोऱ्यातल्या अंधाऱ्या खोलीत भिंगातून वाकड्या पांढऱ्या पडद्यावर शहराचं हलतं चित्र पडतं, वाळत घातलेले कपडेसुद्धा हलताना दिसतात. वेळ आधी ठरवून घ्या.

लेवांते हा पूर्वेचा वारा सुटला की समुद्रकिनाऱ्यावर वाळू अंगाला टोचते. त्या दिवशी गल्ल्या, रोमन नाट्यगृह बघा.

शाकाहाऱ्यांनो, तोर्तियितास दे कामारोनेस दिसायला भज्यांसारखी, पण आत कोळंबी असते. दुपारी चारनंतर बरीच स्वयंपाकघरं आठपर्यंत बंद, म्हणून दोन-तीनलाच जेवून घ्या.