हाम्बुर्गच्या वखारी पाहायच्या, तर आधी भरती पाहा

हाम्बुर्ग समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत आहे, तरी भरती-ओहोटी एल्ब नदीतून थेट शहरात शिरते. पाणी दिवसातून दोनदा साडेतीन मीटरहून जास्त चढतं नि उतरतं. म्हणून आदल्या दिवशी इंटरनेटवर ‘सेंट पाउली’ या ठिकाणाचं भरतीचं वेळापत्रक बघून ठेवा. श्पायशरश्टाट या वखारींच्या वस्तीतले कालवे ओहोटीला गाळापर्यंत उतरतात आणि लहान बोटी आत जाऊ शकत नाहीत. अशा वेळी तिकीट काढलं, तर फेरी नुसती बंदरातून फिरवून आणते. तेव्हा बोट कालव्यांत जाणार का, हे पैसे देण्याआधी विचारा. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते, कालचा आकडा आज चालत नाही.

सकाळी मेसबेर्ग स्टेशनवर उतरून आधी चिलेहाउस गाठा. वास्तुविशारद फ्रिट्झ ह्योगरची ही १९२४ची इमारत, विटा सुमारे ४८ लाख. जहाजाच्या पुढच्या भागासारखं निमुळतं तिचं टोक पूर्वेकडे आहे, त्यामुळे ऊन सकाळीच त्यावर येतं. भिंतीच्या अगदी जवळ जा: विटा जास्त भाजलेल्या, काही वाकड्या, रंग लालपासून जांभळट काळ्यापर्यंत. लांबून सपाट वाटणारी भिंत या खडबडीतपणामुळेच जिवंत दिसते.

तिथून पाच-दहा मिनिटांत चालत वखारी. ही वस्ती १८८३ ते १९२७ या काळात लाकडी खांबांच्या पायावर उभी राहिली. २०१५पासून ती चिलेहाउससह युनेस्कोच्या यादीत आहे. प्रत्येक वखारीला एक तोंड रस्त्याकडे, दुसरं पाण्याकडे. मान वर करून शिखराखालची माल ओढायची कप्पी शोधा; तिच्या खाली मजल्यामजल्याची दारं एका रेषेत येतात. फोटोसाठी सगळे पोगनम्युलेनब्र्युके या पुलावर जमतात. तिथे दिवे लागल्यावर जा, पण पाणी भरलेलं असेल तरच. नाहीतर फोटोत चिखल येतो. दगडी फरशी खडबडीत आहे, टाचांचे बूट नकोत.

दुपारी लांडुंग्सब्र्युकन या बोटींच्या धक्क्यावरून नदीखालचा जुना एल्ब बोगदा (१९११). पायी जायला तिकीट नाही. लिफ्टने २४ मीटर खाली उतरा, ४२६ मीटर चाला. भिंतींवर चकाकत्या मातीच्या नक्षीत मासे आहेत, खेकडे आहेत, जुन्या बुटाभोवती जमलेले उंदीरही आहेत! पलीकडच्या काठावरून शहराचे मनोरे उत्तरेला दिसतात आणि सूर्य पाठीशी असतो. हे दृश्य बहुतेक प्रवासी घाईत सोडून देतात.

मनोरा एकच चढा. सेंट मिखाएलिस चर्चचा १३२ मीटरचा, तिथून बंदर छान दिसतं. साडेचारशेच्या वर पायऱ्या, पण लिफ्ट आहे. युद्धाचा इतिहास हवा असेल, तर १९४३च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेलं सेंट निकोलाय चर्च: काचेची लिफ्ट ७६ मीटरवर नेते. रविवारी सकाळी मिखाएलिसमध्ये प्रार्थना असते, तेव्हा दुपारनंतर जा.