एचपीव्ही पॉझिटिव्ह आला तर घाबरायचं कधी आणि करायचं काय

एचपीव्ही म्हणजे संबंधातनं पसरणारा, गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर करू शकणारा व्हायरस. त्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की घरात पहिला प्रश्न, कॅन्सर झाला का, आणि दुसरा जो मोठ्यानं कोणी विचारत नाही, हे आलं कुठनं. दुसऱ्याचं आधी सांगते. हा व्हायरस इतका कॉमन आहे की संबंध येणाऱ्या बहुतेक माणसांना, बायका-पुरुष दोघांनाही, कधी ना कधी होऊन जातो आणि पत्ताही लागत नाही, वर्षानुवर्षं अंगात राहून मग टेस्टमध्ये दिसू शकतो, त्यामुळं रिपोर्ट बघून नवरा-बायकोनी एकमेकांवर संशय घेऊ नका.

आता कॅन्सरचं. एचपीव्हीचे दोनशेच्या वर प्रकार आहेत, त्यातले १६ आणि १८ नंबरचे मिळून पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या सुमारे ७० टक्के केसेस होतात. म्हणून नुसतं पॉझिटिव्ह वाचून थांबू नका, खाली टाइप लिहिलाय का बघा, नसेल तर विचारा. आणि १६ असला तरी लगेच कॅन्सर नाही हो, दहातल्या साधारण नऊ जणींचं शरीर दोनेक वर्षांत स्वतःच तो घालवतं. धोका आहे तो ज्यांच्यात तो मुक्काम ठोकतो त्यांना.

मुक्काम ठोकला की तो ई६ आणि ई७ अशी दोन प्रोटीन बनवत राहतो. आपल्या पेशीत पी५३ म्हणून एक प्रोटीन असतं, डीएनए बिघडला की पेशीला थांबवणारं, ई६ त्यालाच संपवतं, आणि पेशी किती वाढायची ते आवरणाऱ्या आरबी नावाच्या प्रोटीनला ई७ निकामी करतं. याच्या जोडीला एपिजेनेटिक बदल होतात, आणि ते सोलापूरच्या माणसाला चादरीच्या जकार्ड मागावरनं पटकन कळेल. चादरीवरचं डिझाइन पंच केलेल्या पत्त्यांतल्या भोकांवर ठरतं, पत्ता तोच ठेवून काही भोकांवर कागद चिकटवला तर तिथलं फूल उमटणार नाही. तसंच ई७ मुळं डीएनएमटी१ नावाचं एन्झाइम जास्त काम करायला लागतं, कॅन्सर रोखणाऱ्या जीनवर मिथाईल नावाचा बारीक रासायनिक तुकडा चिकटत जातो, जीनमधलं एक अक्षरही बदललेलं नसतं पण जीन बंद. काही देशांत आता हे मिथाईल मोजून कोणत्या पॉझिटिव्ह बाईला लवकर बघायला पाहिजे ते ठरवायच्या टेस्टही निघाल्यात. पण हे पुसून काढणारा काढा नाही, चूर्ण नाही, डीएनए डिटॉक्सच्या नावाखाली कोणी विकायला आलं तर सरळ नाही म्हणा.

हे सगळं व्हायला साधारण १० ते २० वर्षं लागतात, आणि एवढ्या वेळात आपण पकडू शकतो, हीच मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. त्याचा पुरावाही आपल्या शेजारचाच आहे. बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा यांनी बाहेरच्या संशोधकांबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक लाख तीस हजारांवर बायकांचा अभ्यास केला, २००९ साली छापून आला, आणि फक्त एकदा एचपीव्ही टेस्ट झालेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. गावाकडच्या, शेतात राबणाऱ्या बायका होत्या त्या.

म्हणून तिशी ओलांडली की काही त्रास नसतानाच जा. विड्या वळणाऱ्या मावश्या म्हणतात, दिवसाची मजुरी बुडते, खरंय ते, पण तपासणीला स्वतःला मिनिटं लागतात. नगरपालिकेच्या नाहीतर गावच्या आरोग्य केंद्रात व्हीआयए, म्हणजे पिशवीच्या तोंडाला औषध लावून नुसत्या डोळ्यानं बघायची तपासणी, कधी करतात ते आशाताईला विचारून ठेवा, सिव्हिललाही चौकशी करा. पाळी चालू असताना जाऊ नका, आदल्या दोन दिवसांत संबंध नको, आतून लावायचं औषध नको. तिथं टेबलावर झोपवतात, आतलं दिसावं म्हणून स्पेक्युलम नावाचं साधन घालतात, कापसाच्या बोळ्यानं पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड पिशवीच्या तोंडाला लावतात, जरा चुरचुरतं, मिनिटभर थांबायचं, बदललेल्या पेशी असतील तर तेवढा भाग पांढरा पडतो. पांढरं दिसलं तरी ते कॅन्सरच असेल असं नाही, दुर्बिणीतून म्हणजे कॉल्पोस्कोपनं बघून, गरज पडली तर तुकडा तपासून म्हणजे बायोप्सीनं ठरतं, आणि सुरुवातीचा बदल असेल तर तेवढाच भाग गरम करून, गोठवून किंवा कापून काढता येतो.

आणि ताई, नुसत्या एचपीव्ही पॉझिटिव्हवर कोणी पिशवी काढायला सांगितली तर हो म्हणू नका. कॉल्पोस्कोपी झाली का, बायोप्सीचा कागद कुठाय, हे विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. आपल्याकडं ऊसतोडीच्या बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्यात ते आठवलं की जीव तुटतो.

पाळी गेल्यावर परत रक्त, संबंधानंतर रक्त, वास येणारं पांढरं जाणं, यातलं काही असेल तर मात्र शिबिराची वाट न बघता लगेच डॉक्टर गाठा.

पोरींना एचपीव्हीची लस द्यायचं वय ९ ते १४, पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक २०२३ पासून आहे, ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर. लस घेतलेल्या पोरीनंही तिशीनंतर तपासणी करायचीच, कारण बाकीचे प्रकार उरतातच. बिडी-सिगरेट ओढणं सोडा, धुरातली रसायनं रक्तातनं पिशवीच्या तोंडापर्यंत पोचतात आणि व्हायरस जायला वेळ लागतो.

एचपीव्हीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर साधारण पाच वर्षांनी परत. पॉझिटिव्ह पण बाकी तपासणी नॉर्मल, तर डॉक्टर वर्ष-दोन वर्षांनंतरची तारीख देतात, ती फाइलच्या कव्हरवरच मोठ्या अक्षरात लिहून घ्या, कारण त्रास काही होत नाही आणि तीच तारीख चुकते.