क्राऊन कटिंग: बर लावण्याआधी खोली ठरवा

साताऱ्यात प्रॅक्टिस सुरू केल्याच्या दुसऱ्या वर्षी ऊसशेती करणारे एक काका खालच्या दाढेची कॅप कागदाच्या पुडीत घेऊन आले. तिसऱ्यांदा निघाली होती. आधीच्या दोन्ही वेळा मी सिमेंट बदलून ती बसवली होती. त्या दिवशी दाढ नीट वाळवून पाहिली: भिंती शंकूसारख्या निमुळत्या, उंची जेमतेम 3 मिलिमीटर. चूक माझ्या कटिंगची होती, म्हणजे कॅप (क्राऊन) बसवण्यासाठी दात कापून आकार देण्याची. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक इंटर्नला मी आधी ही दाढ सांगते.

कॅप धरतात त्या भिंती. सिमेंटचा नंबर त्यानंतर. समोरासमोरच्या भिंतींमधला कोन पुस्तकात 6 अंश दिलेला असतो. तोंडात तेवढा क्वचित जमतो, पण 10 ते 20 अंशांच्या आत राहा. भिंतीची उंची दाढेला किमान 4 आणि पुढच्या दातांना 3 मिलिमीटर हवी. गोल टोकाचा निमुळता डायमंड बर (दात कापणारं फिरतं टोक) स्वतःच भिंतीला लागणारा उतार देतो, म्हणून तो दाताच्या अक्षाला समांतर धरा आणि मनगट वळू देऊ नका. खालच्या दाढा जिभेकडे झुकलेल्या असतात, तिथे हात हमखास फसतो. काकांच्या दाढेला मी शेवटी शेजारच्या दातांकडच्या दोन्ही भिंतींत एकेक उभी खाच घेतली, नवीन माप घेतलं आणि नवीन कॅप केली. ती टिकली. बुटक्या दाढेला खाच सुरुवातीलाच घ्या.

आता खोली. नजरेच्या अंदाजाने कापू नका. बरचा व्यास आधी मोजून ठेवा, चावायच्या पृष्ठभागावर खोलीच्या खाचा पाडा आणि मग मधला भाग काढा. मी आधी अर्धी दाढ कापते. उरलेली अर्धी शेजारीच असल्यामुळे किती गेलं ते दिसतं. पूर्ण मेटलच्या कॅपला चावणाऱ्या कस्पवर (समोरच्या दाढेत टेकणाऱ्या उंचवट्यावर) 1.5 आणि दुसऱ्यावर 1 मिलिमीटर जागा लागते. मेटल-सिरॅमिकला जिथे सिरॅमिक येणार तिथे 1.5 ते 2 लागते. अखंड झिर्कोनियाचं (दातासारखं दिसणारं कठीण सिरॅमिक) साधारण 1 ते 1.5 मध्ये भागतं, पण कंपनीचं पत्रक वाचा. कापताना कस्पचे उतार तसेच ठेवा. दाढ सपाट केली की भिंतीची उंची जाते आणि बर पल्पच्या (दाताच्या आतल्या जिवंत नसेच्या) वरच्या टोकाजवळ, म्हणजे शिंगाजवळ, पोचतो.

चावणाऱ्या कस्पच्या बाहेरच्या उतारावर बेव्हल (तिरका काप) द्यायला विसरू नका. वरच्या दाढेत तो टाळूकडे, खालच्या दाढेत गालाकडे येतो. तो राहिला की लॅबवाल्याला कॅप तिथे पातळ तरी करावी लागते, नाहीतर उंच.

पाणी सतत चालू हवं आणि दाब हलका. 1965 साली झॅक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांवर दाखवलं की पल्पचं तापमान सुमारे 5.5 अंश सेल्सिअसने वाढलं तर 15 टक्के पल्प सावरत नाहीत. जिवंत दात कापताना हा आकडा माझ्या डोक्यात असतोच.

शेजारचा दात जपायला मेटलची मॅट्रिक्स पट्टी लावा. बारीक सुईसारखा बर आपल्याच दाताच्या आतून न्या, म्हणजे बाहेर इनॅमलचा पातळ पापुद्रा उरतो आणि तो नंतर आपोआप सुटतो. घाईत शेजारच्या निरोगी दाताला पडलेला ओरखडा भरून येत नाही.

चॅम्फर, म्हणजे कॅपची कड टेकायला दाताभोवतीची गोलसर पायरी, करताना बरच्या टोकाची अर्धीच जाडी आत जाऊ द्या. जास्त गेली की कडेला इनॅमलचा ओठ उभा राहतो, तो पुढे तुटतो आणि मार्जिन (कॅप आणि दात मिळतात ती कड) उघडं पडतं. शक्य तिथे मार्जिन हिरडीच्या वर ठेवा. दिसण्यासाठी खाली न्यावंच लागलं तर अर्ध्या मिलिमीटरवर थांबा. त्याखालच्या हिरडी-दाताच्या जोडणीत घुसलात तर हिरडी सुजत राहते आणि रक्त येतं, मग कॅप कितीही सुंदर असो.

शेवटी एक डोळा मिटून आरशात बघा. दोन डोळ्यांना अंडरकट (भिंत आत वळल्याने कॅप अडकेल असा भाग) चकवतो. एका डोळ्याने सगळं मार्जिन एकाच वेळी दिसलं पाहिजे. आणि तात्पुरती कॅप मापाच्या आधीच बनवा: कॅलिपरने तिची जाडी मोजा, जिथे कमी भरेल तिथे पेन्सिलने खूण करा आणि दाताच्या तेवढ्याच जागी पुन्हा बर लावा.