घरी होडीला स्प्रे पेंटिंग करताना या चुका टाळा

कोकण किनाऱ्यावर जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या वर ओढलेल्या असतात, आणि नेमक्या त्याच रिकाम्या दिवसांत जुन्या फायबर होडीचे रंगकाम उरकून घेण्याचा मोह होतो. घरच्या शेडमध्ये, पावसाळी हवेत मारलेला टू-पॅक पॉलियुरेथेन रंग (रंग आणि त्याला कडक करणारा हार्डनर असे दोन भाग ऐन वेळी मिसळून वापरायचा रंग) मात्र चकाकी धरत नाही. त्यातील हार्डनर हवेतील ओलाव्याशीच संयोग पावतो, रंग मलूल पडतो आणि त्यात बारीक बुडबुडे राहतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पण त्यातही दव पूर्ण वाळल्यावर सुरुवात करावी आणि दुपारचा खारा वारा जोर धरण्यापूर्वी शेवटचा हात संपवावा. संध्याकाळी मारलेला रंग रात्रीच्या दवाने सकाळी पांढुरका झालेला दिसतो. होडीच्या पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतील ओलावा दव होऊन साचू लागतो त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअसने अधिक हवे.

रंग बिघडला की पहिले खापर स्प्रे गनवर फुटते. प्रत्यक्षात बहुतेक दोष गन हातात घेण्यापूर्वीच घडून गेलेले असतात. ताज्या रंगावर माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडत असतील, तर खाली मेण, तेल किंवा पॉलिशमधील सिलिकॉन उरले आहे असे समजावे. जुनी होडी आधी गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढावे, मग मेण काढणाऱ्या द्रावणाने पुसावी आणि त्यानंतरच पॉलिश पेपर लावावा. हा क्रम उलटला तर मेण ओरखड्यांत घासले जाते व पुढे कशानेही सहज निघत नाही. पुसताना एका हातात द्रावणाने ओले केलेले फडके आणि दुसऱ्या हातात कोरडे फडके असावे, कारण एकाच फडक्याने सगळी होडी पुसणे म्हणजे इथले मेण उचलून तिथे फासणे होय. शेवटी पाणी शिंपडून पाहावे. ते सलग पसरले तर पृष्ठभाग स्वच्छ आहे, थेंबाथेंबांत फुटले तर पुन्हा पुसावे लागेल. खळगे पडल्यावर त्यांत आणखी रंग भरू नये. रंग कडक होऊ द्यावा, घासून सपाट करावा आणि स्वच्छतेपासून पुन्हा सुरुवात करावी. इपॉक्सीने (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या राळेने) दुरुस्ती केली असेल, तर तिच्यावर येणारा चिकट थर साध्या पाण्याने आणि घासणीनेच निघतो. तोही घासकामाच्या आधी काढावा.

गाड्यांच्या गॅरेजमधील पुट्टी होडीच्या पाण्याखालच्या भागात वापरू नये, ती पाणी शोषते. तिथे इपॉक्सी फिलरच हवा.

थिनरची काटकसर महाग पडते. हार्डवेअरच्या दुकानातील स्वस्त एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांसाठीचा) थिनर पॉलियुरेथेनमध्ये मिसळल्यास हार्डनरचे काम बिघडते. म्हणून रंगाच्या कंपनीने सांगितलेलाच थिनर घ्यावा. जुना रंग साधा एनॅमल असेल आणि त्यावर टू-पॅक मारला, तर जुना थर सुरकुततो. म्हणून जुना रंग तपासण्यासाठी आडोशाच्या जागी तीव्र थिनरचे फडके काही मिनिटे दाबून ठेवावे. रंग मऊ पडून फडक्याला लागला, तर तो उतरवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता गनविषयी. संत्र्याच्या सालीसारखा पोत आला, तर रंग घट्ट आहे किंवा हवेचा दाब कमी आहे. खरखरीत, कोरडा थर आला, तर गन लांब आहे. ओघळ आले, तर गन फार जवळ आहे, हात रेंगाळतो आहे किंवा रंग पातळ झाला आहे. गन साधारण १५ ते २० सेंटीमीटर अंतरावर, पृष्ठभागाशी काटकोनात धरावी आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा. कॉम्प्रेसरच्या टाकीतील पाणी रोज काढावे व हवेच्या नळीवर पाणी अडवणारा फिल्टर लावावा. एकच जाड हात मारू नये. आत अडकलेला थिनर नंतर फोड आणतो.

सर्वांत गंभीर चूक मात्र दिसण्याशी संबंधित नाही. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमधील आयसोसायनेट हे रसायन श्वासावाटे गेल्यास कायमचा दमा जडू शकतो, आणि त्याच्या वासाने वेळीच सावध होता येत नाही. कापडी मास्क येथे निरुपयोगी आहे. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो, आणि तो घरच्या कामात क्वचितच असतो. असा मास्क नसेल, तर टू-पॅक रंगाचा फवारा घरी मारूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तोच रंग ब्रश-रोलरसाठी नेमलेल्या थिनरसह, मोकळ्या हवेत आणि कंपनीने सांगितलेला मास्क व हातमोजे घालून, एकाने फोमच्या रोलरने लावावा आणि दुसऱ्याने लगेच मऊ ब्रशच्या टोकाने हलकेच सारखा करावा. शेजाऱ्याच्या गाडीवर रंगाचे कणही उडत नाहीत.