बाईंच्या हातातला माउस काढून घेऊ नका

खानापूर, निपाणी किंवा बेळगाव तालुक्यातल्या मराठी शाळेत स्मार्ट टीव्ही भिंतीवर बसला की बाईंना तो वापरायला शिकवायचं तुमचं खरं काम तिथून पुढे सुरू होतं. वर्षानुवर्षं खडू-फळ्यावर उत्तम शिकवलेल्या बाईंना धास्ती टीव्हीची नसते, पोरांसमोर अडायची असते. म्हणून पहिली बैठक शाळा सुटल्यावर घ्या. फार तर दोघींना एकत्र बसवा, आणि अर्ध्या तासात आटोपा.

आधी विचारा, "बाई, येत्या आठवड्यात कुठला धडा घेणार?" तेवढाच धडा हातात घ्या. टीव्हीचा अख्खा मेन्यू दाखवत बसू नका.

लॅपटॉप जोडायचा क्रम असा: एचडीएमआय केबल दोन्हीकडे घट्ट खोचायची, टीव्ही लावायचा, रिमोटवर 'सोर्स' दाबून केबल ज्या खाचेत आहे तिचा आकडा निवडायचा, मग लॅपटॉपवर विंडोज आणि पी एकदम दाबून 'डुप्लिकेट'. 'नो सिग्नल' आलं तर बहुतेक वेळा केबल 2 मध्ये असते आणि टीव्ही 1 वर. चित्र दिसतंय पण आवाज लॅपटॉपमधूनच येतोय, तर आवाजाच्या सेटिंगमध्ये टीव्हीचं नाव निवडायचं राहिलंय. हे दोन्ही घोळ मुद्दाम करून ठेवा आणि बाईंनाच सोडवू द्या. हे एकदा हाताखालून गेलं की निम्मी भीती जाते.

या वेळात तुमचे हात पाठीमागे. बाण भलतीकडे गेला तरी मनात दहा आकडे मोजा, मग फक्त विचारा, "स्क्रीनवर काय लिहून आलंय?" "सोपं तर आहे" असं चुकूनही म्हणू नका. सोप्यात अडलेला माणूस पुन्हा विचारायला येत नाही.

दीक्षा या शालेय अभ्यासाच्या सरकारी अ‍ॅपमध्ये बोर्ड कर्नाटक, माध्यम मराठी आणि मग इयत्ता. सीमाभागात हमखास चुकतं ते इथेच: मराठी म्हणून महाराष्ट्राचं बोर्ड निवडलं जातं आणि वेगळंच पुस्तक उघडतं. पुस्तकातला क्यूआर कोड तुम्ही आधी स्कॅन करून बघा. आत कन्नड किंवा इंग्रजी व्हिडिओ निघाला, तर ते बाईंना वर्गाआधी कळलं पाहिजे. लागणारं सगळं आदल्या दिवशी डाउनलोड करून ठेवा. पावसाळ्यात खानापूरकडे वीज आणि रेंज कधी जाईल सांगता येत नाही.

पायऱ्या बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहाव्यात, बटणांची नावं मात्र स्क्रीनवर दिसतात तशीच. तो कागद टीव्हीशेजारी चिकटवा.

पहिल्या तासाला मागच्या बाकावर बसा आणि बाईंनी बोलावल्याशिवाय उठू नका. पुढे अडलं तर फोन कधी करायचा ती वेळ ठरवून द्या, आणि त्या वेळेला फोन उचला.