एल्कच्या शिकारीची तयारी: सुरुवात परतीच्या ओझ्यापासून

सांबराचा सगळ्यात थोराड नर डोळ्यांसमोर आणा. तेवढा, म्हणजे सुमारे ३०० किलोंचा, अमेरिकेतल्या एल्क या थोराड हरणाचा सर्वसाधारण नर असतो. हाडं काढून नुसतं मटण धरलं तरी ८० ते १०० किलो भरतं, मादीचं ६०-७०. हे सगळं पाठीवरून गाडीपर्यंत आणायचं असतं. 'वाइल्डरनेस' म्हणून राखलेल्या जंगलात १९६४ च्या कायद्याने मोटार चालत नाही, सायकल चालत नाही, मटण ओढायची दोन चाकांची हातगाडीसुद्धा चालत नाही. माणसाची पाठ, नाहीतर घोडा-खेचर.

पहिल्या वर्षी मी आणि माझा मित्र हा हिशेब न करताच कोलोरॅडोच्या सान हुआन डोंगरांत गेलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मादी मिळाली, पण दरीच्या तळाशी, वाटेपासून चारशे मीटर खाली. पहिली मांडी वर आणताना हरिश्चंद्रगडाची नळीची वाट आठवली. तिथे निदान वर पोहोचल्यावर पिठलं-भाकरी मिळते. इथे वर पोहोचल्यावर ओझं टाकून पुन्हा खाली उतरायचं होतं. दोघांच्या मिळून पाच खेपा झाल्या, दोन दिवस गेले, आणि माझा उजवा गुडघा पुढे डिसेंबरपर्यंत कुरकुरत होता.

म्हणून ही तयारी मी उलटीकडून सांगतो. आधी ओझं, मग नकाशा, मग पाय. बंदूक त्यानंतर.

१. नकाशावर लाल रेघ मारा

पाठीवर ३० किलो घेऊन घसाऱ्यावरून, पडलेल्या झाडांवरून चालताना ताशी दीड किलोमीटर जमलं तरी खूप. गाडीपासून पाच किलोमीटर आत शिकार झाली, तर भरलेली सॅक नेऊन रिकामी परत आणायला पाच-सहा तास लागतात. दोघांनी नराचं मटण, शिंगं आणि तंबू बाहेर काढायचा म्हणजे पुरे दोन दिवस. ऑक्टोबरात दुपारी ऊन तापतं, आणि ताज्या मटणाला दुपार सोसत नाही.

हा हिशेब घरीच करा आणि नकाशावर लाल पेन्सिलीने रेघ ओढा: याच्या पलीकडे, किंवा या दरीत खाली, कितीही मोठा नर दिसला तरी बार काढायचा नाही. रेघ घरी बसून ओढायची. समोर सहा फाट्यांची शिंगं उभी असताना कुणाचंही डोकं ठिकाणावर नसतं, माझं तर नसतंच.

२. कागदपत्रं: जानेवारीतच बसा

कोलोरॅडोत अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत, जगात कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. पण परवाना युनिटवार, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या विभागांप्रमाणे मिळतो आणि चांगल्या युनिटांसाठी सोडत असते. कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ या खात्याकडे अर्ज करायची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपते. नंबर लागला नाही तर प्राधान्याचा एक गुण खात्यात जमा होतो. काही युनिटांसाठी लोक असे गुण वर्षानुवर्षं साठवतात.

१ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारी-शिक्षणाचं कार्ड लागतं. तो अभ्यासक्रम आधीच उरकून घ्या. आपल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट: एच-वन-बीसारख्या व्हिसावर असणाऱ्याला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवाना असेल तर त्याला अपवाद आहे. पण मित्राची बंदूक हातात घेण्याआधी वकिलाला विचारा. व्हिसावर असताना हा विषय अंदाजाने सोडवण्यासारखा नाही. आणि वायोमिंगला जायचा बेत असेल, तर तिथल्या वाइल्डरनेसमध्ये परराज्यातल्या माणसाला वाटाड्या किंवा स्थानिक रहिवासी सोबत असल्याशिवाय मोठ्या जनावराची शिकार करता येत नाही.

नियमांचं पुस्तक दरवर्षी नव्याने वाचा. उदाहरणार्थ, कोलोरॅडोच्या पश्चिम भागातल्या बहुतेक युनिटांत नर मारायचा तर एका शिंगाला किमान चार फाटे हवेत, किंवा कपाळालगतचा फाटा पाच इंचांचा तरी हवा. दुर्बिणीतून हे ओळखायचा सराव घरी फोटो बघून करता येतो.

३. माची, खिंड, सोंड, नाळ

सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला इथे आयती शिदोरी मिळते. एल्क दिवसा बसतो कुठे? तीव्र उताराच्या मधोमध सपाटीची एखादी पट्टी असते, म्हणजे आपली माची. नकाशावर उंचीच्या रेषा एकमेकींना चिकटून येतात आणि मध्येच फाकतात, ती जागा. त्यातही उत्तरेकडच्या उतारावरची, दाट झाडीतली, कारण तिथे ऊन कमी. एका दरीतून दुसरीत जायला तो खिंड वापरतो. चरायला पहाटे आणि संध्याकाळी कुरणाच्या काठावर येतो. सप्टेंबरात माजावर आलेले नर शिळ घातल्यासारखे ओरडतात आणि चिखलाच्या डबक्यांत लोळतात. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हा दंगा ओसरतो, आणि मग ते शोधायला कान नाही, पाय लागतात.

नकाशावर अशा आठ-दहा माच्या हेरा आणि जुलै-ऑगस्टमध्ये एकदा प्रत्यक्ष जाऊन या. लेंड्या, सालं सोललेली झाडं, पाण्याकडे जाणाऱ्या रुळलेल्या वाटा बघा. बंदूक नसते, घाई नसते. मला तर वर्षातली हीच खेप जास्त आवडते.

आणि वारा. एल्कची नजर एक वेळ चुकवता येते, नाक नाही. डोंगरातल्या वाऱ्याचं वेळापत्रक असतं: रात्री आणि पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की तीच वर चढू लागते, सूर्य कलला की पुन्हा खाली. म्हणून पहाटे खालून वर जावं, आणि हवा फिरायच्या आत जनावराच्या बरोबरीला किंवा वरच्या अंगाला पोहोचावं. मधला तासभर हवा कुठेही भोवंडते; त्या वेळी गुपचूप बसून खाऊन घ्यावं. छोट्या पिचकारी बाटलीत टाल्कम पावडर ठेवा आणि दर दहा मिनिटांनी चिमूटभर उडवून बघा.

४. पाय आणि फुप्फुसं

डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर आहे. कळसूबाईचा माथा ५,४०० फूट. म्हणजे महाराष्ट्राचा सगळ्यात उंच माथा जिथे संपतो, जवळपास तिथे इथलं विमानतळ सुरू होतं. एल्क ९ ते १२ हजार फुटांवर असतात. मुंबई-पुण्याहून, किंवा ह्यूस्टन-न्यू जर्सीहून येऊन दुसऱ्याच दिवशी तिथे चढू नका. दोन-तीन रात्री सात-आठ हजार फुटांवर काढा, पाणी भरपूर प्या. डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली तर आणखी वर जाऊ नका. विसावूनही धाप थांबत नसेल, छातीत घरघर असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर अंधार असला तरी खाली उतरा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यावी का, ते आपल्या डॉक्टरांना आधी विचारा.

पायांची तयारी निदान चार महिने. आठवड्यातून तीन दिवस जिना किंवा टेकडी. सुरुवातीला सॅकमध्ये १० किलो, शेवटच्या महिन्यात २५. गुडघे जपायची एक साधी युक्ती आहे: वजन म्हणून पाण्याचे कॅन भरून न्या आणि टेकडीच्या माथ्यावर ओतून टाका, म्हणजे उतरताना सॅक हलकी. पण महिन्यातून दोनदा भरलेली सॅक घेऊन उतराही. मांड्या खरोखर भरून येतात त्या उतारावर, आणि खरं ओझं नेमकं उतारावरच असतं. बूट कातडी, घोट्याच्या वर जाणारे, आणि किमान ८० किलोमीटर चालून मळवलेले. नवे बूट घालून गेलेल्याची शिकार तिसऱ्या दिवशी टाचेच्या फोडांपाशी संपते.

५. सामान आणि शिदोरी

सामानाच्या याद्या जिकडेतिकडे मिळतात, त्यामुळे इथे मोजकंच. सॅक साधी ट्रेकची नको. चौकट असलेली हवी, जिच्यात चौकट आणि पिशवी यांच्यामध्ये मांडी बांधता येते. सुती कपडे घरी ठेवा. घामाने भिजलेला सुती बनियन संध्याकाळच्या वाऱ्यात माणसाला गारठवून टाकतो, लोकरी घाला. पाण्याचं फिल्टर रात्री झोपायच्या पिशवीत घ्या, कारण आतल्या बारीक नळ्या गोठून फुटल्या की ते निकामी होतं, आणि बाहेरून काही कळत नाही. उपग्रहावरून निरोप धाडणारं यंत्र हवंच, आणि घरच्यांकडे कागदावर लिहिलेलं: गाडी कुठे, तंबू कुठे, किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कुणाला फोन.

दिवसाला ३,५०० कॅलरीच्या आसपास लागतात आणि सॅकमध्ये जागा पाऊण किलोची. इथे आपलं स्वयंपाकघर कामाला येतं. शेंगदाणा-गुळाचे लाडू, तुपातले डिंकाचे लाडू, भाजणीची कोरडी पिठं, मेतकूट. दहा हजार फुटांवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे तूरडाळ शिजायची वाट बघत बसू नका, गॅस संपेल. मूगडाळ-तांदूळ घरी शिजवून, वाळवून न्या, गरम पाण्यात वीस मिनिटांत खिचडी होते. डिंकाचा लाडू मात्र रात्रभर बाहेर ठेवू नका. एकदा पहाटे साडेचारला मी असा लाडू चावला आणि दाढेचं भरलेलं सिमेंट त्यातच राहिलं.

६. नेम

मैदानावर टेबलाशी बसून गोळ्या मारणं म्हणजे सराव नव्हे. दोन मजले पळत चढा, धापा टाकत बसा आणि मांडी घालून, सॅकवर बंदूक टेकवून मारा. दहापैकी नऊ गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या गोलात बसतात ते अंतर तुमचं. माझं २५० यार्ड आहे आणि मी ते वाढवून सांगत नाही.

उभ्या उतारावर मोजलेलं तिरकं अंतर आणि गोळीला लागू पडणारं आडवं अंतर यांत फरक पडतो. ३० अंशांच्या कोनात ४०० यार्ड दिसलं तर नेम ३४६ यार्डांचा धरायचा. पूर्ण अंतराचा धरलात तर गोळी वरून जाईल. कोनाचा हिशेब करणारं अंतरमापक घ्या. रायफलच्या हंगामात कोलोरॅडोत कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कापड लागतं, टोपीसकट. मागच्या झाडीत काय आहे ते दिसत नसेल, जनावर कडेवर आकाशासमोर उभं असेल, तर बोट घोड्यावर नेऊ नका.

७. बार निघाल्यानंतर

जनावर उभं होतं तिथली एखादी खूण लक्षात ठेवा, अर्धा तास थांबा, मग माग काढा. मिळालं की आधी परवान्याची चिठ्ठी लावा.

पोट न फाडता मटण काढायची पद्धत एकट्या-दुकट्याला सगळ्यात सोयीची. जनावर कुशीवर वळवा. उतारावर असेल तर पाय दोरीने झाडाला बांधा, नाहीतर अर्धवट सोललेला एल्क दरीत घरंगळतो. पाठीच्या कण्यावरून मानेपासून शेपटीपर्यंत चीर द्या आणि कातडं पोटाकडे सोलत न्या. पुढचा खांदा हाडाच्या सांध्यात अडकलेला नसतो, पाय उचलून धरला की सुरीच्या चार फटक्यांत सुटतो. मागच्या मांडीला खुब्याचा गोल सांधा शोधावा लागतो; सुरीचं टोक तिथे घातलं की 'टक्' आवाज येऊन तो मोकळा होतो. मग कण्यालगतची लांब पट्टी, मानेचं मटण, आणि शेवटच्या बरगडीमागून हात घालून आतली मऊ पट्टी. जनावर पालटा, पुन्हा तेच. पहिल्यांदा तीन तास धरा. सुरी दोनदा तरी पाजळावी लागते.

आता घाई थंड करायची. मटण नासायला लागतं ते मांडीच्या हाडालगत, कारण आतली ऊब तिथे अडकून राहते. रात्र गोठणारी नसेल तर मांडीला हाडापर्यंत चीर द्या. हवा खेळणाऱ्या कापडी पिशव्यांत भरून सावलीत, वाऱ्याला टांगा, उरलेल्या सांगाड्यापासून शंभर मीटर तरी दूर, कारण अस्वलं येतात. कोलोरॅडोत काळी अस्वलं. माँटाना, वायोमिंगमध्ये ग्रिझली, तिथे अस्वलाचा फवारा पट्ट्यालाच हवा. नर की मादी याचा पुरावा मटणाच्या एका भागाला नैसर्गिकरीत्या चिकटलेला ठेवा, वाटेत तपासतात. खाण्याजोगं मटण रानात टाकून येणं गुन्हा आहे.

एल्क, हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा रोग आढळतो. १९६७ मध्ये तो पहिल्यांदा कोलोरॅडोतच लक्षात आला. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी रोगट जनावराचं मटण खाऊ नये असाच आरोग्य खात्याचा सल्ला आहे. डोकं तपासणीला द्या आणि निकाल येईपर्यंत मटणावर वेगळी चिठ्ठी लावून ठेवा.

शेवटचं काम निघण्याआधीचं: फ्रीझर रिकामा करा. नराच्या मटणाला पाच-सहा घनफूट जागा लागते. आम्ही पहिल्या वर्षी हेही मोजलं नव्हतं. ओळखीच्या तीन मराठी घरांत पाकिटं वाटून ठेवली, आणि डिसेंबरात परत मागायला गेलो तेव्हा दोन घरांतली संपली होती.